माझी बहीण मल्का आणि ममादातला कंप्युटर

माझी बहीण मल्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आमचे बाबा थळला वारले तेव्हा ती सहा वर्षांची होती, म्हणजे तिला वाढवली कोणी, तर मी, बेंजामिननं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट ऐकली की लोक विचारतात, ही एवढी हुशार कोणावर गेली. माझ्यावर गेली. मी शिकलो सातवीपर्यंत, तेही थळहून अलिबागला रोज चालत जाऊन, पण डोकं आमच्या घरात पहिल्यापासून आहे.

एकाहत्तर साली आम्ही इथं इस्राएलला, किर्यात गातला आलो. आई, मी आणि ती. मला साखरेच्या कारखान्यात काम लागलं, गोण्या उचलायचं. मल्का अकरा वर्षांची, तिला शाळेत घातली. पहिल्या दिवशी हात धरून मीच घेऊन गेलो. मास्तरणीनं हिब्रूत काहीतरी विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही, आणि मल्कानं धाडकन उत्तर दिलं. देशात येऊन आम्हाला तीन आठवडे झाले होते. आमचे काही नातेवाईक म्हणतात, नाव विचारलं असेल फक्त. म्हणू देत. तिथं मी होतो, ते नव्हते.

दहावी झाली आणि आई आजारी पडली, मग तीपण कामाला लागली. लोकांना वाटतं ती चिपच्या मोठ्या कारखान्यात आहे. तिथं नाही. औद्योगिक वस्तीच्या पार टोकाला एक लहानसा कारखाना आहे, टेलिफोनची बोर्डं बनवतात. तिथं ती बोर्डं खोक्यात भरायला म्हणून लागली. एक दिवस साहेबानं बघितलं, ही पोरगी भरता भरता खराब बोर्डं बाजूला काढतेय, नुसत्या नजरेनं. तिला तपासणीच्या टेबलावर बसवली. आज तिच्या बाजूला डिग्री घेतलेले इंजिनियर बसतात आणि अडलं की हिला हाक मारतात. हे मला तिनं सांगितलेलं नाही. ती काही सांगतच नाही. तिचा नवरा मेयर बस चालवतो, त्यानं सांगितलं. ती जेवढं बोलत नाही तेवढं तो बोलतो.

तिच्याकडं एक वही असते. चौकटीचा कागद, निळा पुठ्ठा. काहीही बिघडलं की ती त्यात तारीख लिहिते, वेळ लिहिते, काय बदललं ते लिहिते आणि काय झालं ते लिहिते. तिचा कायदा एक. एका वेळेला एकच गोष्ट बदलायची. आमच्याकडं पंखा बिघडला की मी एकदम सगळं खोलतो, तेल घालतो, वायर बदलतो, दोन थपडा मारतो, आणि पंखा चालू होतो. मल्का म्हणते, "भाऊ, चालू झाला, पण कशानं झाला?" मी म्हणतो, माझ्यानं झाला. ती हसते.

आता कंप्युटरची गोष्ट. दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यातली.

माझा मुलगा लियोर हैफाला राहतो, कंप्युटरच्याच दुकानात कामाला आहे. त्यानं आपला जुना कंप्युटर आम्हाला आणून दिला होता. तो आम्ही ममादात ठेवला. ममाद म्हणजे बाँबच्या वेळेला बसायची खोली, जाड सिमेंटच्या भिंती आणि लोखंडी दार. बाकीच्या दिवसांत लोक तिथं कपाट ठेवतात, पाहुण्यांना झोपवतात. इंटरनेटचा मोडेम मात्र मी बाहेर हॉलमध्ये ठेवला, शोकेसवर, टीव्हीच्या बाजूला. वायरलेस होता. लाल-हिरवे दिवे लागायचे. माझी कंबर गेल्यापासून मी घरीच असतो, कोणी आलं की मी दाखवायचो, हे बघा, मोडेम इथं आणि कंप्युटर तिथं, मध्ये एक दोरापण नाही. कंप्युटरच्या मागं बोटाएवढी एक कांडी लावलेली, तिला अडॅप्टर म्हणतात, ती हवेतनं पकडते. आमच्या इमारतीत वायरलेस घेणारा पहिला मी.

हे सगळं माझी बायको अबिगेलसाठी होतं. तिची एकच बहीण, सिम्हा, अलिबागला राहते. दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षं झालेली. सिम्हाचा नवरा गेला, ती एकटी, तिला इकडं यायचं नाही, आणि अबिगेलला गुडघ्यांमुळं तिकडं जाववत नाही. तर ठरलं असं की दर रविवारी आपल्या दुपारी दोन वाजता, म्हणजे तिथं साडेपाचला, सिम्हा अलिबागच्या सायबर कॅफेत जाऊन बसायची आणि अबिगेल इथं ममादात. कॅमेऱ्यावर तोंड दिसायचं, आवाज यायचा. पहिल्या रविवारी अबिगेल इस्त्रीची साडी नेसून बसली होती.

आणि पहिल्याच रविवारी कंप्युटर मेला. पडदा निळा झाला, पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी काहीतरी आलं आणि सगळं ठप्प. बंद करून परत चालू केला, पाच मिनिटं बोलली, परत निळा. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. सिम्हा तिकडं कॅफेत अर्धवट तोंड उघडलेली अबिगेल बघत बसायची, तसंच चित्र गोठलेलं असायचं.

गंमत अशी की मी बसलो की काही व्हायचं नाही. मी रोज सकाळी मराठी पेपर वाचायचो त्यावर, तास तास. रमी खेळायचो. शेजारच्या मुलांनी गेम खेळले. काही नाही. अबिगेल बसली की पंधरा मिनिटांच्या आत निळा.

लियोर आला, त्यानं सगळं पुसून नव्यानं घातलं. व्हायरस बघितला. कांडी एका भोकातनं काढून दुसऱ्या भोकात लावली. स्वतः दोन तास बसला, काही झालं नाही. दुकानातल्या माणसाला दाखवला, त्यानं आतला कुठला तरी भाग बदलला. रविवारी अबिगेल बसली आणि निळा.

लियोर आईला हिब्रूत म्हणाला, "ईमा, तू काय काय दाबतेस?"

"मी काही दाबत नाही रे," अबिगेल म्हणाली. "तू दाखवलंस तेच दोन ठिकाणी दाबते."

"दी, ईमा, पुरे. कंप्युटर माणूस ओळखतो का?"

मीपण बोललो. खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "तुझ्या हातात काहीतरी गरमी आहे." चारचौघांत म्हटलं. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, सिनेगॉगमधून प्रार्थना करून येताना हसत हसत म्हटलं, लोक हसले. अबिगेल हसली नाही. त्यानंतर ती कंप्युटरची धूळपण पुसेना. मलाच सांगायची, तुम्ही पुसा, माझा हात नको लागायला. पुढच्या रविवारी ती बसलीच नाही. दोन वाजता भांडी घासत होती, आणि सिम्हा तिकडं बसली असणार.

मग लियोर म्हणाला, शनिवारी संध्याकाळी मित्राची गाडी घेऊन येतो आणि कंप्युटर हैफाला घेऊन जातो, इथं नुसता पडून आहे. मी म्हटलं, ने.  गुरुवारी मल्का आली तेव्हा तिला चहा देताना अबिगेल म्हणाली, "सिम्हाला कळवायचं कसं तेवढं बघ. ती दर रविवारी जाते गं कॅफेत. तिला वाटेल मीच येत नाही."

मल्कानं कप खाली ठेवला. "वैनी, लियोर कधी नेणार?"

"शनिवारी. शब्बाथ संपला की."

"भाऊ," मल्का माझ्याकडं वळली, "तुमच्या घरात शब्बाथला बटणाला हात लागतो का कोणाचा?"

मी म्हटलं, काय विचारतेस. लियोर जिन्यात जाऊन फोन करतो ते मला माहीत आहे, पण शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत माझ्या दाराच्या आत कोणी एक दिवापण लावत नाही.

"मग शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी मी येते," ती म्हणाली.

बघा तिचं डोकं. सगळ्या आठवड्यात हाच एक दिवस असा, की पंचवीस तास त्या कंप्युटरला कोणाचं बोट लागणार नाही. कुठल्या इंजिनियरला सुचलं असतं? त्यांना शब्बाथ म्हणजे सुट्टी. हिला शब्बाथ म्हणजे तपासणी.

शुक्रवारी चारच्या आत ती आली. कंप्युटर चालू केला, इंटरनेटवरचा एक रेडिओ लावला, आवाज पूर्ण बंद केला, म्हणजे आतल्या आत चालू राहील आणि कांडीला काम मिळत राहील. पडद्यावर टॉवेल टाकला, उजेडाचा त्रास नको म्हणून. वहीत लिहिलं, वेळ, चार वाजून सात मिनिटं. आणि निघून गेली. तिचं कारखान्यातलं एक ऐकून ठेवा, मेयरनं सांगितलेलं. तिथं खराब बोर्डाचा फॉर्म असतो, त्यात एक रकाना असतो, चूक कोणाची. बाकीचे लोक तो रकाना पहिला भरतात. मल्का तो शेवटी भरते. एकदा हदास नावाच्या नव्या मुलीच्या नावावर चाळीस बोर्डं लागणार होती, पगारातून कापणार होते. मल्कानं तीन दिवस रकाना कोरा ठेवला. साहेब ओरडला तरी कोरा ठेवला. शेवटी निघालं काय, तर मुलीच्या टेबलाखालची चटई जीर्ण झाली होती, अंगावर साठलेली वीज जमिनीत न उतरता हातातनं बोर्डात जायची. मुलीला माहीतपण नव्हतं.

शनिवारी हवदाला, म्हणजे शब्बाथ संपवायची प्रार्थना झाली, लियोर आलेलाच होता, गाडी खाली उभी. सगळे ममादात गेलो. मल्कानं टॉवेल उचलला.

चालू होता. रेडिओ जसाच्या तसा चालू. निळं काही नाही. पंचवीस तास.

लियोर हसला. "नु, दोदा मल्का. आता तूच सांग." नु म्हणजे मग, दोदा म्हणजे आत्या.

अबिगेल दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे मीच." एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं कसलाच आवाज आला नाही, नळाचापण नाही. मी माझ्या बायकोला चौतीस वर्षं ओळखतो. काम नसताना स्वयंपाकघरात उभी राहणारी ती बाई नाही.

लियोर वायरी काढायला वाकला. मल्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"यातनं काय कळलं?" ती म्हणाली.

"ईमाचा हात लागला नाही, तर चालतो."

"नाही. यातनं एवढंच कळलं की खोलीत कोणी नसलं तर चालतो. तिच्या हाताचं काही कळलं नाही, कारण मी तिला बसताना बघितलंच नाही. तू बघितलंस?"

लियोरनं हातातली वायर सोडली.

"कोणीच बघितलं नाही," मल्का म्हणाली. "सगळ्यांनी नंतर येऊन निळा पडदा बघितला. मला उद्याचा रविवार दे. मग ने."

लियोर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, आत्या सांगते ना, ठेव. माझ्या मनात तेव्हा काही आशा नव्हती, पण मल्का बोलली की मी मध्ये पडत नाही. तिला मीच वाढवली.

रविवारी तिनं पाळी बदलून घेतली आणि दीड वाजताच आली. ममादातल्या पलंगावर मागं बसली, वही मांडीवर. अबिगेलला खुर्चीत बसायला सांगितलं. अबिगेल बसेना. मल्का म्हणाली, "वैनी, बिघडला तर माझ्यावर घाला. नेहमी करता तसं सगळं करा. काही सोडू नका."

दोन वाजता सिम्हा दिसली. मी हॉलमध्ये टीव्ही लावून बसलो होतो, तिथनं सगळं दिसत होतं. दोघी बोलायला लागल्या. दहा मिनिटं झाली. वीस झाली. चाळीस झाली. पडदा ठीक. सिम्हा तिकडं म्हणते आज काय झालं गं, एवढा वेळ कसा टिकला. अबिगेलचं तोंड मात्र मला बरोबर वाटेना. ती हवापाण्याचं बोलत होती, भाजीचं बोलत होती. एकोणीस वर्षांनी बहीण भेटली आणि दुधीभोपळा कसा दिला ते सांगत होती.

सिम्हाला थोडं थांबायला सांगून मल्कानं विचारलं, "वैनी, तुम्ही नेहमी असंच करता?"

"असंच."

"सगळं?"

अबिगेलनं दाराकडं बघितलं. "दार तेवढं लावते."

मल्काचं पेन थांबलं. "मग आज का नाही लावलं?"

"तू आत बसलीस ना."

"त्यात काय?"

अबिगेलनं बाहेर माझ्याकडं बघितलं, मग आवाज खाली केला. खाली केला तरी मला ऐकू आला. "मी तिला तुझ्या भावाचं सांगते गं. दुसरं कोणाला सांगू? टीव्ही एवढा मोठा लावतात, आणि दार उघडं दिसलं की मध्येच येऊन माझ्या डोक्यावरनं कॅमेऱ्यात तोंड घालतात, सिम्हाला म्हणतात, काय, मेव्हणीबाई, केस पिकले की. मग तिच्याशी बोलायचं ते राहूनच जातं. आता तुझ्यादेखत तुझ्याच भावाचं काय सांगणार?"

मल्का हसली नाही. तिनं वहीत लिहिलं. मग उठली आणि म्हणाली, "लावा दार. मी ऐकणार नाही, मला फक्त कांडी बघायची आहे."

लोखंडी दार लागलं. त्याला कडेनं रबर असतं, हवापण आत जात नाही. मी बाहेर टीव्हीचा आवाज कमी केला, ऐकू येतंय का बघायला. काही ऐकू येत नव्हतं. चार मिनिटं झाली असतील, नसतील. दार उघडलं, आणि मल्का म्हणाली, "भाऊ, या आत."

पडदा निळा होता.

अबिगेल रडकुंडीला आली होती. मल्का म्हणाली, "वैनी, थांबा, अजून संपलं नाही." तिनं कंप्युटर परत चालू केला, रेडिओ लावला, आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. स्वतःही बाहेर आली. दार लावलं. आम्ही तिघं हॉलमध्ये लोखंडी दाराकडं बघत उभे. खुर्ची रिकामी, खोली रिकामी. मल्का घड्याळाकडं बघत होती. मग तिनं दार उघडलं.

निळा.

"खुर्चीवर कोण होतं, भाऊ?"

"कोणी नाही."

"हात कोणाचा लागला?"

  तिनं दार उघडं ठेवून परत चालू केला, अर्धा तास चालला. दार लावलं, मेला. असं तीन वेळा उघडं आणि तीन वेळा बंद. शेवटच्या वेळेला दार लावायच्या आधी तिनं मला कांडीजवळ वाकायला लावलं आणि दाखवलं. दार सरकत आलं तसा कांडीचा हिरवा दिवा हळू हळू लुकलुकायला लागला, मग विझला, आणि मोजून दहा आकडे झाले नाहीत तोवर पडदा निळा. तिनं समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. भिंती बाँब अडवायच्या आहेत, त्या हवेतलं इंटरनेटपण अडवतात. दार उघडं असलं की थोडंफार आत येतं. दार लागलं की कांडीला काहीच सापडत नाही. चांगली कांडी असती तर गप्प बसली असती. ही चाचपडत राहते आणि जाता जाता कंप्युटरला घेऊन पडते.

आम्ही सगळे दार उघडं ठेवून बसायचो, कारण आत कोंडतं. दार लावून बसणारी घरात एकच, जिला एकटीला बोलायचं असायचं. आणि शब्बाथला दार उघडंच होतं, कारण लावायला कोणी आत गेलंच नव्हतं.

तिनं हैफाला फोन लावला. लियोरला सगळं सांगितलं, वेळेसकट.  तो म्हणाला, नवी कांडी आणून देतो, नाहीतर त्या कांडीचा नवा प्रोग्रॅम घालतो. मल्का म्हणाली, "नवी कांडी पडणार नाही, पण दार लागल्यावर तिला ऐकूपण येणार नाही. मग बोलणं कसं होणार? तुझ्या ईमाला दार लावून बोलायचं आहे." फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

ममादात टेलिफोनचं सॉकेट असतं. सगळ्या ममादांत असतं, मला माहीत होतं. मोडेम तिथं लावायचा आणि हातभर वायरीनं कंप्युटरला जोडायचा, की कांडी नको आणि हवा नको. लियोरनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच म्हटलं होतं, बेंजामिनच्या घरात वायरलेसच पाहिजे.

"भाऊ," मल्का म्हणाली, "शोकेसवरनं तो काढायला लागेल."

माझी बहीण मला असं कधी सांगत नाही, हे करा, ते करा. मी तिला वाढवली. मी शोकेसवरनं मोडेम उचलला, खालचा लेसचा रुमालपण उचलला, आणि आत नेऊन दिला. वायर तिनं लावली. अडॅप्टरची कांडी माझ्या टेबलाच्या खणात आहे, कोणाला बघायची असेल तर दाखवतो. शोकेसवर आता मल्काचा फोटो ठेवलाय, कारखान्याच्या कोटातला. पाहुणे आले की मी तो दाखवतो. मोडेमपेक्षा बरा दिसतो.

लियोर पुढच्या शब्बाथला आला तो गाडी न घेता. जेवताना आईच्या ताटात कालवण वाढलं त्यानं, जे तो कधी करत नाही. बोलला मात्र काही नाही. मुलगे असेच असतात. मी बोललो. सिनेगॉगमध्ये ज्यांच्यासमोर मी गरमीचं बोललो होतो, त्यांच्यासमोरच सांगितलं, अबिगेलच्या हातात काही नव्हतं, दाराचा दोष होता, आणि माझ्या बहिणीनं तो शोधला. अबिगेलचं थोडं सांगितलं आणि मल्काचं पुष्कळ. अबिगेल म्हणाली, "पुरे आता, चला."

त्या रविवारी दोन वाजता तिनं इस्त्रीची साडी नेसली, ममादात गेली आणि दार लावलं. मी टीव्ही बंद करून बसलो. आतनं काही ऐकू येत नाही ते मला माहीत होतं, तरी बंद केला. सव्वातीन वाजले तेव्हा दार उघडलं. तिचे डोळे लाल होते आणि तोंडावर हसू होतं.

"काय सांगितलंस माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"सगळं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

संध्याकाळी मल्का आली. वही उघडली, लिहिलं, दार बंद, एक तास पंधरा मिनिटं, चालू. मग पानाच्या वरच्या कोपऱ्यात गेली, जिथं तिनं कारखान्यासारखा रकाना आखला होता, चूक कोणाची. दहा दिवस कोरा होता. तिनं त्यात लिहिलं, वापरणाऱ्याची नाही. वही अबिगेलपुढं सरकवली. अबिगेलला हिब्रू वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचलं तिनं.

मग तिनं ते पान मागितलं. माझी बहीण, जी वहीतलं पान साहेबालापण फाडून देत नाही, तिनं फाडून दिलं.